शुक्रवारचं स्टूल

"मावशी, स्टुलावर चढा ना. मागच्यांना दिसत नाही," टीचर म्हणाल्या.

मी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. पदर खोचला आणि चढले. सातवीचा वर्ग, पन्नासेक पोरं. टीचरनी माझ्याकडे बोट केलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "कॉमन नाउन!" मग एकेक जण उठून एकेक शब्द बोलायला लागला आणि टीचर ते शब्द फळ्यावर लिहायला लागल्या. त्यातला मला एकच कळला. ब्लॅक. मला वाटलं, माझ्या केसांबद्दल चाललंय. चाळिशी उलटली तरी एक केस पिकला नव्हता माझा. मी हसले. पोरं हसली. टीचर हसल्या.

तास संपताना टीचर म्हणाल्या, "से थँक्यू, मावशी."

मी म्हटलं, "थँक्यू टीचर. थँक्यू बाळांनो." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी उतरले, माझे पाय लागलेलं स्टूल पदराने पुसलं आणि जागेवर ठेवलं.

असं चार वर्षं चाललं. दर शुक्रवारी, पाचव्या तासाला.

हे मी बोलते आहे आणि माझी लेक लिहिते आहे. मी पानी म्हणते, ती पाणी लिहिते. लिही बाई, शाळेत तुला तेच शिकवलंय. पण कुणाशी बोलले ते बोलले तसंच ठेवायचं आणि बाकी काही गोड करायचं नाही, असं तिला बजावलंय.

आमचं गाव वसईच्या खाडीकडेला. पावसाळ्यात भात, ते कापलं की त्याच रानात वाल. भरतीचं खारं पाणी बांध फोडून आत यायला लागलं तशी शेती निम्मी राहिली. नवरा टेम्पो चालवायला लागला आणि मी वसई पूर्वेच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत मावशी म्हणून लागले. शाळेचं नाव घेत नाही. अकरा वर्षं झाली. मावशी म्हणजे काय ते सांगते. नर्सरीतलं पोर चड्डीत करतं, ते धुणारी. ओकलं तर पुसणारी. बस चुकली तर आई येईपर्यंत कडेवर घेऊन गेटशी उभी राहणारी. आज सातवी-आठवीत असलेल्या कितीतरी पोरांची ढुंगणं मी धुतलीत. कुणाला राग आला तर येऊ दे, खरं आहे ते.

तर ही ग्रामरची टीचर. आपल्यातलीच, मराठी. शाळेजवळच्या एव्हरशाईन वसाहतीत राहते, नवरा मुंबईत मोठ्या हापिसात. शाळेत तिचं फार नाव. पोरांना व्याकरण चुटकीसरशी समजावते म्हणून. तिची एक पद्धत होती. कुठलीही गोष्ट शिकवायची तर पुस्तकातलं उदाहरण घ्यायचं नाही, जिवंत उदाहरण घ्यायचं. 'लिव्हिंग एक्झाम्पल' म्हणायची ती. मॉनिटर मुलगी धावत यायची, "मावशी, टीचर बोलावतायत, एक्झाम्पलला!" आणि मी हातातलं फडकं टाकून जायची.

आणि मला काय वाटायचं? मान वाटायचा. हो. आता सांगताना जीभ अडते, पण वाटायचा. बाकीच्या मावश्या कॉरिडॉर पुसतायत आणि मला वर्गात बोलावतात, पुढे उभं करतात, टाळ्या वाजवतात. मी शुक्रवारची वेगळी साडी ठेवली होती. अबोलीचा गजरा घालायची. थंडीत टीचरला वालाच्या शेंगा न्यायची निवडून, कोवळ्या कोवळ्या. पावसाळ्यात अळूची पानं. "अय्या, मावशी! तुम्ही किती गोड आहात," असं म्हणून ती पिशवी घ्यायची.

गावात हळदीकुंकवाला मी बायकांना सांगितलं होतं, मी इंग्रजी शिकवायला मदत करते. जाऊबाई म्हणाली, "तुला एबीसीडी तरी येते का गो?" मी म्हटलं, "मला यायला नको. माझ्यावरून पोरं शिकतात." किती ताठ मानेने बोलले होते मी ते.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली की पोरं वह्या टाकून देतात. निम्म्या कोऱ्या. आम्ही मावश्या त्या गोळा करतो, लिहिलेली पानं फाडतो आणि कोरी पानं दाभणाने शिवून आपल्या पोरांना देतो. दरवर्षीचं आहे हे. माझी लेक हर्षू गावच्या मराठी शाळेत, तेव्हा नववी संपलेली. त्या वर्षी मी चाळीसेक वह्या आणल्या. दुपारी ओट्यावर बसून ती पानं फाडत होती, मी सुपात तांदूळ निवडत होते.

फाडता फाडता ती थांबली.

"आई, ही तू आहेस का?"

"कुठं?"

"वहीत. मावशी मावशी लिहिलंय सारखं."

मला आनंद झाला. खरंच सांगते, आनंद झाला. म्हटलं, "वाच की. मराठीत सांग मला."

तिने वही मिटली. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा तिने वाचलं.

"सिमिली म्हणजे उपमा. मावशीच्या टाचा सुकलेल्या शेतासारख्या भेगाळलेल्या आहेत." खाली लाल शाई. "व्हेरी गुड" आणि एक चांदणी.

"मेटाफर, म्हणजे रूपक. मावशी म्हणजे शाळेचं फडकं."

"हायपरबोली. अतिशयोक्ती. मावशी आली की मासळीच्या वासाने अख्खं एव्हरशाईन रिकामं होतं." इथे दोन चांदण्या.

"आता हे..." हर्षूचा आवाज बारीक झाला. "पर्सोनिफिकेशन. चेतनगुणोक्ती. म्हणजे निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवायचं. झाडू साडी नेसून वर्गात आला."

मी सूप खाली ठेवलं. विचारलं, "निर्जीव वस्तू कोन?"

तिने पान उलटलं.

"पुढं वाच."

"आई, नको."

"वाच म्हनते ना!"

पुढचं पान आयरनीचं होतं. हर्षू म्हणाली, आयरनी म्हणजे दिसतं एक आणि असतं उलटंच. हे वाक्य पोरांनी बनवलेलं नव्हतं. टीचरने फळ्यावर लिहून दिलेलं होतं, हे कळलं कारण आम्ही मग ग्रामरच्या सगळ्या वह्या उघडून बघितल्या आणि सगळ्यांत तेच होतं, शब्दाला शब्द. 'आपण मावशीवर हसतो आणि मावशी आपल्याला थँक्यू म्हणते.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरांचं एक वेळ सोडा. बारा वर्षांची पोरं, दाखवाल तिकडे बघतात. पण हिला ठाऊक होतं. माझ्या तोंडून थँक्यू वदवून घेत होती, कारण तिला ते फळ्यावर लिहायचं होतं. माझ्या शेंगा सोलून खात होती आणि हे लिहीत होती.

वहीच्या पुठ्ठ्यावर नाव होतं, आर्या. नर्सरीत ही पोरगी मला सोडायची नाही. झोप आली की माझ्याच मांडीवर यायची. तिने लिहिलं होतं, फडकं.

हर्षू रडली नाही. तिने फक्त विचारलं, "तू हसत होतीस, आई? स्टुलावर उभी राहून?" मी सूप उचललं आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसले.

नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "इंग्रजीत हसले ना? चार वर्षं तुला कुठं कळत होतं? आता पन समज, कळलं नाय." त्याचंही खोटं नव्हतं. आमची नोकरी दर जूनला नव्याने. मोठ्या मॅडम यादी करतात आणि यादी करताना याच टीचरला विचारतात, कुठली मावशी ठेवायची, कुठली काढायची. माझा पगार गेला तर हर्षूची दहावी कशावर होणार होती?

मे महिनाभर मी शिकले. भाकऱ्या थापताना, वाल पाखडताना. हर्षू विचारायची, मी सांगायची. 'सारखा' म्हटलं की सिमिली. सारखा न म्हणता सरळ तेच म्हटलं की मेटाफर. वाढवून सांगितलं की हायपरबोली. नाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह, सगळं. त्या वह्यांतली इंग्रजी वाक्यंही एकेक शब्द सोडवून पाठ केली. आधी वाटलं होतं, काय डोंगर असेल. कसला डोंगर? आमच्या नळावरच्या बायका रोज याहून भारी बोलतात. तिच्या पुस्तकात उदाहरणं होती चंद्राची, नदीची, फुलांची. हर्षू म्हणाली, "उपमा माणसावरच द्यायला पाहिजे असं नाही, आई." टीचरच्या पुस्तकातही चंद्र असणारच. तिने मला घेतलं.

जून उजाडला. यादीत माझं नाव होतं. पहिल्या शुक्रवारी मॉनिटर मुलगी धावत आली, "मावशी, टीचर बोलावतायत, एक्झाम्पलला!"

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "बाळा, माझा गुडघा दुखतो. चढवत नाय स्टुलावर."

घाबरले. महिनाभर मनात भाषणं केली होती, हे बोलेन, ते बोलेन. ऐन वेळी गुडघा पुढे केला. आणि टीचरचं काय अडलं? तिने दीपाला बोलावलं.

दीपा त्याच जूनला नवीन लागली होती. विरारला मनवेलपाड्याच्या चाळीत राहणारी, पंचविशीची पोर. नवरा टाकून गेलेला. पुढचे दोन दात पडलेले, ते कसे पडले ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ती पळत गेली वर्गात. मी कॉरिडॉर पुसत होते. दार उघडं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि आता मला कळत होतं. सगळं नाही, पण पुरेसं. आपल्यावर चाललेलं असताना कळलं नव्हतं, ते दुसरीवर चाललेलं असताना कळत होतं, यापरतं वाईट काय असेल? मी पोछा पिळत राहिले.

असे तीन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी दीपा बाहेर आली, चेहरा फुललेला. माझा हात धरून म्हणाली, "ताई, टीचर किती चांगल्या आहेत हो! आमच्यासारखीला कोण वर्गात बोलावतं? पुढच्या वेळी मी त्यांना रव्याचे लाडू आणणार आहे."

त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला की तितका त्या टीचरचाही आला नव्हता. हिला मी पाठवलं होतं. स्वतःचं कातडं वाचवलं आणि या पोरीला पुढे केलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. आणि ती शेळी दावणीला बांधून देणारी मी.

पुढच्या शुक्रवारी दीपाने साडीला पिना लावल्या होत्या. लाडवांचा डबा टीचरच्या टेबलावर. ती स्टुलावर. मी बादली घेऊन दारात जाऊन उभी राहिले. आत नाही गेले, उंबऱ्यावरच.

एक मुलगा उठला. इंग्रजीत वाक्य बोलला. वर्ग हसला. दीपाही हसली, तोंडावर हात घेऊन.

मी मोठ्याने म्हटलं, "दीपा, तो म्हनतो, तुझे दात मोडक्या फनीसारखे हायेत."

वर्ग थांबला. टीचर वळल्या. "मावशी? काय झालं?"

"काय नाय. तुमी शिकवा."

दुसरी मुलगी अर्धी उठलेली होती. ती बिचकत बिचकत बोलली. मी म्हटलं, "दीपा, ही म्हनते, तुझी साडी पायपुसन्यासारखी हाय."

दीपाचा हात तोंडावरून खाली आला.

टीचर म्हणाल्या, "मावशी, प्लीज बाहेर जा. क्लास चालू आहे."

"मी बाहेरच हाय, टीचर. तुमी इंग्रजीत सांगा, मी मराठीत सांगते. हिच्यावर चाललंय तर हिला कळायला नको?"

चार वर्षांत ती बाई पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होती. पण ती कसली डगमगते! पक्की. तिने हसू आणलं आणि म्हणाली, "आर्या, यू ट्राय." आर्या यंदा आठवीत गेलेली, आणि हा तास आठवीचाच होता. उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, टीचरकडे बघितलं. मला वाटलं, ही गप्प बसेल. माझ्या मांडीवर झोपलेली पोर आहे, ही नाही बोलायची. ती म्हणाली, "मावशी इज अ पॅरट."

वर्ग फुटला. बाकं बडवून हसले.

मी बादली खाली ठेवली. मग म्हटलं, "दीपा, आता ती म्हनाली, मी पोपट हाय. आनि टीचर, याला मेटाफर म्हनतात. सिमिली नाय. 'सारखी' म्हनाली नाय ती."

मग टीचरने टाळी वाजवली. "वाह! मावशीसुद्धा शिकल्या! क्लॅप, एव्हरीबडी." आणि पन्नास पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याच टाळ्या. मला वाटलं होतं, मला समजतंय हे कळलं की ती वरमेल. मनाची नाही तर जनाची तरी! छे. त्यांना माझं समजणंसुद्धा गंमत होती. शिकून दाखवलं म्हणून कुणी तुम्हाला माणसांत घेत नाही, हे मला त्या उंबऱ्यावर कळलं.

मी आत गेले. दीपाचा हात धरला. म्हटलं, "उतर."

ती उतरली नाही. डोळे भरलेले, आणि टीचरकडे बघून विचारते कशी, "टीचर, उतरू का?"

आईशप्पथ, अकरा वर्षांत कुठल्याही पोराने, कुठल्याही आईबापाने मला जेवढं दुखावलं नाही, तेवढं या एका प्रश्नाने दुखावलं. कारण मीही हेच विचारलं असतं. चार वर्षं परवानगीनेच चढले, परवानगीनेच उतरले. मी ओरडले, "तिला काय विचारतेस? पाय तुझे हायेत ना?" तरी ती उभीच. शेवटी टीचर वैतागून म्हणाली, "उतर गं बाई," तेव्हा ती उतरली.

तासाभरात मला हापिसात बोलावलं. मोठ्या मॅडमनी कागद पुढे सरकवला. इंग्रजीत टाइप केलेला.

"सही करा. विषय संपवू."

"वाचून दाखवा मराठीत."

त्यांनी वाचला. मी वर्गात घुसले, मुलांच्या मनात भीती निर्माण केली, शिक्षिकेचा अपमान केला, याबद्दल मी माफी मागते. टीचर बाजूच्या खुर्चीत बसून रुमालाने डोळे टिपत होती. तिचा अपमान!

मी म्हटलं, "यात ती वाक्यं पन लिहा. दात, साडी, फडकं, झाडू. थँक्यूचं पन लिहा. मग करते सही."

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, ती भाषेची उदाहरणं होती. पर्सनली घ्यायचं नसतं."

"मग टीचरनी स्वतःवर द्यायची. नाय तर तुमच्यावर."

सही केली नाही. त्यांनी मला वरच्या मजल्यांवरून काढलं. तळमजल्याचे संडास दिले, सगळे, एकटीला. आणि सांगितलं की दिवाळीनंतर यायची गरज नाही. बाकीच्या मावश्या माझ्यासोबत डबा खायच्या बंद झाल्या. दीपाला मी जिन्यात गाठलं, तर ती अंगावर आली. "कशाला सांगितलंत मला? मला नव्हतं कळत तेच बरं होतं! आता रोज त्या पोरांसमोरून जाताना मला लाज वाटते. मला दुसरीकडे कोण ठेवणार? तुम्ही ठेवणार?" तिचं बरोबर होतं. मी तिची गाठीशी असलेली एकच खुशी हिसकावून घेतली होती आणि बदल्यात काही दिलं नव्हतं. जवळ नव्हतंच काही द्यायला. मला वाईट वाटलं. पण सांगितल्याचा पश्चात्ताप मला तेव्हाही झाला नाही.

गेल्या शुक्रवारी टीचरने पुन्हा दीपाला बोलावलं. या वेळी दार आतून लावून घेतलं. ती गेली. न जाऊन करते काय?

मला खाली कळलं. फिनेलची बादली तिथेच सोडली आणि तीन जिने चढून गेले. बंद दाराला तोंड लावून उभी राहिले. आतून एकेक वाक्य येत होतं आणि मी ते मराठीत करून ओरडत होते. शेतावर हाका मारलेला गळा आहे माझा, या बांधावरून त्या बांधावर. शेजारच्या वर्गांची दारं उघडली. टीचर बाहेर आल्या, पोरं बाहेर आली. वॉचमन मला दंडाला धरून खाली घेऊन गेला. जाताना सबंध जिनाभर मी बोलत होते.

हर्षू विचारते, आई, याने काय होणार? ती टीचर सुधारणार का? नाही सुधारणार. दीपा माझ्याशी बोलणार का? नाही बोलणार. कळतं मला.

दिवाळीपर्यंत जितके शुक्रवार आहेत तितके दिवस मी तीन जिने चढणार आहे. वॉचमनने धरलं तर जिन्यातून ओरडेन. आणि मला काढलं की गेटबाहेर उभी राहीन, दुपारी सुटीच्या वेळेला, गाड्या घेऊन आईबाप पोरांना न्यायला येतात तिथे. त्या पोरांना मी नर्सरीपासून ओळखते, त्यांच्या आयांना ओळखते. एकेका आईसमोर जाईन, तिच्या पोराचं नाव घेईन आणि तो वर्गात कुठलं वाक्य बोलला ते तिला मराठीत सांगेन. टीचरने किती चांदण्या दिल्या तेही सांगेन. त्या बायकांनी गाडीच्या काचा वर केल्या तरी सांगेन. लिही हर्षू, हे असंच लिही.